बास मासेमारी: रॉडच्या संवेदनशीलतेने नेमका किती फरक पडतो?

तळठाव (धागाकर्ता)

"रॉड जितका संवेदनशील, तितके मासे जास्त" हे बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडणाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकू येतं की त्यावर वेगळा धागा हवाच होता. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे खोडून काढायला सोपं जाईल. तळाशी चालवायच्या आमिषांसाठी संवेदनशीलता फार महत्त्वाची आहे, पण ती एकट्या रॉडची नसते. वजन, लाइन, लाइनमधली ढील, रॉड धरण्याचा कोन, गाइड (लाइन ओवायच्या रिंगा), ब्लँक (रॉडची मूळ नळी), मूठ आणि शेवटी आपलं बोट अशी ती साखळी आहे. त्यातली एक कडी कच्ची असली की बाकीच्या कितीही चांगल्या असोत, हाताला काही कळत नाही. बहुतेकांची कच्ची कडी लाइनची असते, आणि बदलला जातो मात्र रॉड.

मुळात हाताला काय कळायला हवं, ते बघू. बास आमिषाला चावा घेत नाही, तो ते शोषून घेतो. तोंड आणि कल्ल्यांची झाकणं एकदम फाकवतो, आत पोकळी होते आणि पाण्याच्या लोटाबरोबर आमिष आत जातं. पापणी लवायच्या आत हे घडतं. हाताला लागणारी टिचकी दातांची नसते. आमिष अचानक काही सेंटीमीटर सरकतं आणि लाइनला हिसका बसतो, तो आपल्याला लागतो. आमिष नको वाटलं तर बास तितक्याच झटपट ते थुंकतो.

यातून एक अडचण निघते. लाइन ताठ ताणलेली असेल तर आमिष मोकळेपणी आत जात नाही, आणि पूर्ण ढिली असेल तर हिसका वाटेतच जिरतो. म्हणून जिग, टेक्सस रिग, शेकी हेड (तळावरून ओढायची वजनदार आमिषं) चालवताना लाइनला हलकी झोळ ठेवायची: रॉडच्या शेंड्यापासून पाण्यापर्यंत लाइन किंचित लोंबलेली दिसावी, पण शेंडा दहा-पंधरा सेंटीमीटर उचलला की वजन जाणवावं. संवेदनशील रॉडची खरी परीक्षा या अर्ध्या ढिलीत होते. ताणलेल्या लाइनवर कुठलाही रॉड बोलतो.

---

दोरीताण

लाइनबद्दल पूर्ण सहमत. थोडं खोलात जातो, कारण इथे गैरसमज फार आहेत.

नायलॉन मोनोची (एकाच तंतूच्या साध्या लाइनची) घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, पाणी १ धरलं तर सुमारे १.१४. ती ताणते, आणि पाणी शोषून आणखी मऊ होते. फ्लुरोकार्बनची घनता सुमारे १.७८, म्हणजे ती बुडते आणि शेंड्यापासून आमिषापर्यंत बरीच सरळ रेघ धरते. पॉलिएथिलीनच्या विणलेल्या लाइनची, म्हणजे ब्रेडची, घनता ०.९७ च्या आसपास. ती तरंगते, पण जवळजवळ ताणतच नाही.

आता लोक चुकतात ते असं. "ब्रेड ताणत नाही, म्हणून ब्रेड सर्वात संवेदनशील" हे ताणलेल्या लाइनपुरतं खरं आहे. ढील आली की ब्रेड सुताच्या धाग्यासारखी लुळी पडते आणि पाण्यावर कमान करून बसते. मग टिचकी त्या कमानीतच विरते. फ्लुरोकार्बनही ताणते, बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा जास्त ताणते, पण ती जड आणि कडक असल्याने अर्ध्या ढिलीतही हिसका पुढे पोचवते. म्हणून:

जिग आणि टेक्सस रिगसाठी, बेटकास्टरवर (रॉडच्या वर बसणारी, फिरत्या स्पूलची रील): सलग फ्लुरोकार्बन, १५ ते १७ पौंडी (म्हणजे तेवढा भार पेलणारी).

ड्रॉप शॉट (वजन खाली, आमिष वर), शेकी हेड, नेड रिग (छोटं मऊ आमिष) यांसाठी, स्पिनिंगवर (रॉडखाली लटकणारी रील): १० ते १५ पौंडी ब्रेड आणि तिला ६ ते ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा २ ते ३ मीटर लीडर (पुढे जोडलेला तुकडा).

दाट पाणवनस्पतीत फ्लिपिंग (जवळून हळूच आमिष सोडणं): ५० ते ६५ पौंडी ब्रेड. इथे अंतर कमी, लाइन जवळजवळ उभी, त्यामुळे झोळीचा प्रश्नच येत नाही.

स्पिनिंग रीलवर सलग फ्लुरोकार्बन भरली आणि ती महिनोन्‌महिने तशीच राहिली तर स्पूलच्या आकाराची वेटोळी तिच्यात बसतात. प्रत्येक वेटोळं म्हणजे एक बारकी स्प्रिंग. टिचकी त्या स्प्रिंगा सरळ करण्यातच खर्ची पडते. असा माणूस रॉडला दोष देतो. उपाय: पाण्यावर पोचल्यावर ३० मीटर लाइन सोडून एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरीकडून एकसारखा ताण देऊन अर्धा मिनिट धरायचं. तरीही वेटोळी राहिली तर लाइन बदलायची वेळ झाली.

---

ब्लँककारागीर

लाइन महत्त्वाची, मान्य. पण रॉडला इतकं मागे ढकलू नका. दोन रॉडवर तीच लाइन, तेच वजन लावून एकाच तळावरून ओढलं तर फरक डोळे मिटून कळतो. तो कशामुळे पडतो, ते सांगतो.

टिचकीची ऊर्जा अगदी थोडी असते. तिने शेंडा हलायला हवा. शेंडा जितका हलका, तितका तो थोड्या ऊर्जेत हलतो. ब्लँक जितका ताठ, तितकं ते हलणं मुठीपर्यंत कमी विरतं. म्हणजे ताठपणा आणि वजन यांचं गुणोत्तर हाच गाभा. काचतंतूचा मॉड्युलस (ताठपणाचं माप) ११-१२ एमएसआयच्या (दशलक्ष पौंड प्रति चौरस इंच) आसपास आणि घनता २.५ च्या वर. कार्बनतंतूचा मॉड्युलस ३३ पासून वर, घनता १.८ च्या आसपास. तेवढाच ताठपणा आणायला काचेचा ब्लँक जाड आणि जड करावा लागतो. १९७० च्या दशकात कार्बनचे रॉड आले तेव्हा तळावरच्या मासेमारीत एवढा फरक पडला, तो याच कारणाने.

रॉडवर २४ टन, ३० टन, ४० टन असं लिहिलेलं असतं ते या मॉड्युलसचं माप. २४ टन म्हणजे साधारण ३३-३४ एमएसआय, ३० टन म्हणजे ४२-४३, ४० टन म्हणजे ५७ च्या आसपास. पण त्या आकड्यावर भाळू नका. आकडा तंतूचा आहे, रॉडचा नाही. त्या तंतूला किती राळ लावली, आडवा थर कसला दिला, ४० टनी कापड पूर्ण ब्लँकला आहे की नुसतं बुडाशी, हे त्यात येत नाही. राळ जास्त झाली की रॉड जड आणि मंद होतो. नीट बांधलेला ३० टनी ब्लँक ढिसाळ ४० टनीपेक्षा हाताला जास्त सांगतो.

दुसरं, गाइड. शेंड्याजवळचा एक ग्रॅम मुठीजवळच्या कित्येक ग्रॅमपेक्षा महाग पडतो, कारण तो लांब तरफेच्या टोकाला बसलेला असतो. म्हणून शेंड्याकडे लहान रिंगांचे, टायटॅनियम चौकटीचे गाइड फायद्याचे. शेंड्याची रिंग फुटली आणि तिथे हाताशी असलेली मोठी, जाड चौकटीची टिप बसवली की चांगल्या रॉडचा आवाज दबतो. टिप बदलताना मूळच्या मापाचीच घ्यायची. नळीचं माप इंचाच्या ६४ व्या भागात असतं. जुनी काढताना नळीला थोडी ऊब द्यायची, ज्योत ब्लँकला लागू द्यायची नाही, आणि टिप पिळायची नाही, सरळ ओढायची. पिळलं की टोकाचे तंतू तडकतात.

तिसरं, रील बसवायची जागा. नट अर्धा फेरा ढिला असला तरी रील किंचित डुलते आणि बारीक कंप तिथेच खातो. सकाळी घट्ट केलेला नट दुपारी पुन्हा तपासावा. मुठीवर रबरी टेप किंवा फुगणारं आवरण गुंडाळणं म्हणजे कंपाला उशी देणं.

---

क्रँकप्रेमी

धागा जिगवाल्यांनी पळवला आहे, म्हणून दुसरी बाजू.

क्रँकबेटला (ओढलं की बुडून थरथरणारं कडक आमिष) अति संवेदनशील, ताठ रॉड नुकसानच करतो. आमिष सतत ओढलं जात असतं, लाइन ताणलेली असते, मासा लागला तर तो स्वतःच अडकतो. ट्रेबल (तीनकाट्या) गऱ्या बारीक तारेच्या, अडकण्याची जागा ओठाच्या कडेची पातळ कातडी. ताठ रॉडवर धक्का लागताच हात आपोआप झटका देतो आणि आमिष तोंडातून निघून येतं, किंवा मासा बोटीजवळ डोकं हलवतो आणि गरी भोक मोठं करून सुटते. काचेचा किंवा काच-कार्बन मिश्र, मॉडरेट ॲक्शनचा (मधपर्यंत वाकणारा) ७ ते साडेसात फुटी रॉड हा धक्का पचवतो. झटका द्यायचा नाही. वजन जाणवलं की रॉड आडवा मागे न्यायचा आणि रील फिरवत राहायचं.

यात एक पोटभेद आहे. ५ ते ६ मीटर खोल जाणाऱ्या क्रँकबेटला आमिषाचं थरथरणं हाताला कळलं पाहिजे. पान किंवा शेवाळाचा धागा गरीत अडकला की थरथर मंदावते. ते कळलं नाही तर पुढची सगळी फेक वाया. थरथर एकदम थांबली आणि वजन आलं नाही, तर मासा आमिषाच्या मागून पुढे येतोय असं समजून रील जोरात फिरवायची. तेवढं कळायला मिश्र ब्लँक पुरतो.

पाण्यावरच्या आमिषांना तर डोळाच पुरेसा. फ्रॉगवर (बेडकासारख्या तरंगत्या आमिषावर) पाणी फुटलं की झटका न देता वजन येईपर्यंत थांबावं लागतं, तिथे फार चपळ हात उलट मासे घालवतो.

---

तळठाव

क्रँकप्रेमी, बरोबर. म्हणूनच "तळाशी चालवायच्या आमिषांसाठी" म्हटलं होतं. ब्लेडेड जिगलाही (पुढे थरथरतं पातं असलेला जिग) तुमचाच नियम लागतो असं मला वाटतं, वनस्पतीच्या वरून चालवताना तरी.

---

पहिलाच_गळ

एक प्रश्न. दुकानात रॉडचं बूड गळ्याला लावून दुसऱ्याला शेंड्यावर बोलायला किंवा नखाने खरवडायला सांगतात, आणि कंप आला की रॉड संवेदनशील म्हणतात. याला काही अर्थ आहे का?

---

ब्लँककारागीर

फारसा नाही. गळ्याचं हाड आणि मुठीतलं बोट या वेगळ्या गोष्टी. शिवाय त्यात रील नाही, लाइन नाही, शेंड्यावर भार नाही. पोकळ नळीतून आवाज जातोच. त्याऐवजी हे करा.

आपली नेहमीची रील रॉडवर चढवा. रील सीटच्या लगेच पुढे एक बोट ठेवून रॉड तोलून बघा. बोटावर आडवा राहिला किंवा शेंडा किंचित वर गेला तर ठीक. शेंडा झपकन खाली आला तर दिवसभर तो सावरायला मूठ आवळावी लागेल, आणि आवळलेल्या मुठीला बारीक टिचकी कळत नाही. जड शेंड्याचा खरा तोटा हा आहे. दंड भरून येतो, ते वेगळंच.

मग रॉड आडवा झटकून थांबवा आणि शेंडा किती डोलतो ते बघा. चांगला शेंडा एक-दोन हेलकाव्यांत थांबतो. पाच-सहा वेळा डोलत राहणारा शेंडा पाण्यातही तसाच डोलेल, आणि त्या डोलण्यात वजनाने दगड ओलांडला की मासा लागला, हे वेगळं काढता येणार नाही.

तिसरी गोष्ट, लाइन ओवून टोकाला १० ग्रॅमचं वजन बांधून खडबडीत फरशीवरून ओढून बघायला मिळालं तर सर्वात उत्तम.

---

दोरीताण

वजनावर कोणी बोललं नाही अजून. टंगस्टन शिशाच्या जवळपास दीडपट घन, त्यामुळे त्याच वजनाचं टंगस्टन आकाराने बरंच लहान. मुख्य म्हणजे ते कठीण आहे. शिसं दगडावर आपटलं की स्वतः दबतं, ऊर्जा तिथेच संपते. टंगस्टन टणकन वाजतं. त्याच रॉडवर, त्याच लाइनवर १० ग्रॅम शिशाऐवजी १० ग्रॅम टंगस्टन लावून बघा. गाळातून खडीवर गेलेली सीमा एकदम स्पष्ट कळेल. संवेदनशीलता वाढवण्याचा हा सर्वात सोपा मार्ग, रॉड न बदलता.

एक काळजी घ्या. टंगस्टनच्या भोकाची कड कधी कधी धारदार असते. आत प्लास्टिकची नळी असलेलं घ्या, किंवा प्रत्येक दहा-पंधरा फेकींनंतर गाठीच्या वरची १० सेंटीमीटर लाइन दोन बोटांत धरून फिरवून बघा. खरखर लागली की तेवढी कापून पुन्हा गाठ.

---

गाळखडी

सीमेचा विषय निघालाच आहे तर, संवेदनशीलतेचा निम्माअधिक उपयोग मासा कळण्यासाठी नसून तळ कळण्यासाठी आहे, हे माझं ठाम मत. बास रिकाम्या सपाट गाळात क्वचित थांबतो. तो थांबतो खडी जिथे संपते तिथे, एकट्या बुंध्याजवळ, वनस्पतीच्या कडेला. ती जागा रॉडने सापडली की मासे आपोआप सापडतात.

१० ते १४ ग्रॅम टंगस्टनचा टेक्सस रिग, शेंडा पाण्याला समांतर ठेवून बाजूला ३० सेंटीमीटर ओढायचा, थांबायचं, ढील गुंडाळायची, पुन्हा ओढायचं. हाताला काय लागतं:

गाळ: काहीच वाजत नाही. वजन जड आणि चिकट वाटतं, ओल्या कणकेतून ओढल्यासारखं. सुटताना हलकेच "पचक".

वाळू: गुळगुळीत, एकसारखी सरक. गाळापेक्षा हलकी.

बारीक खडी: बारीक करकर, सलग. काडेपेटीच्या कडेवरून काडी घासावी तशी.

मोठे दगड: टक्‌, मग अडकणं, मग घसरून सुटणं, पुन्हा टक्‌. दोन टकांमधलं अंतर मोजलं तर दगडांचा आकार कळतो.

शिंपले: खडीसारखंच, पण धारदार आणि कोरडं. इथे लाइन लवकर चिरते.

लाकूड: ठोका दबका येतो. वजन हळूहळू वर चढतं, मग कडेवरून खाली पडतं. दगडावर ते घसरतं, लाकडावर ते चढतं, हा फरक.

वनस्पती: रबर ओढल्यासारखं. ताण हळूहळू वाढतो आणि एकदम तुटतो. इथेच सर्वात जास्त गफलत होते, कारण मासाही कधी कधी असाच नुसता जडपणा देतो. वनस्पती ओढ वाढवली की वाढत्या ताणाने उत्तर देते आणि थांबलं की तशीच राहते. मासा थांबलात तरी सरकतो, किंवा ताण स्वतःहून बदलतो. शंका आली तर शेंडा दोन-तीन सेंटीमीटर ढिला सोडून पुन्हा हलकेच ताण घ्या.

आता मासे. सनफिश (तळ्यातले छोटे मासे) सतत टकटकटक करत टोचतात, वेगाने, हलकं. बासची टिचकी बहुधा एकच, ठळक, किंवा दोन. थंड पाण्यात टिचकीच येत नाही. वजन एकदम हरवतं किंवा ओलं फडकं अडकल्यासारखं जड होतं. वजन हरवणं म्हणजे मासा आमिष घेऊन आपल्याकडे येतोय. हे न कळल्यामुळे सर्वात जास्त मासे जातात, कारण हात "काहीतरी लागण्याची" वाट बघत असतो आणि इथे काहीतरी नाहीसं झालेलं असतं.

---

पहिलाच_गळ

हे फार उपयोगी. पण आमिष खाली पडत असतानाच मासा घेतो तेव्हा काय? तेव्हा तर ढीलच असते.

---

गाळखडी

तेव्हा रॉड नाही, डोळा आणि मोजणी. आमिष पाण्यावर पडल्यापासून तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. त्या जागी तळ नऊवर येत असेल आणि लाइन पाचवरच लुळी पडली, तर मधेच कोणीतरी घेतलं आहे. लाइन पाण्यात शिरते त्या जागेवर नजर ठेवा: तिथे लाइन टचकन उडाली, आडवी सरकली किंवा नेहमीपेक्षा वेगाने जायला लागली, तरी तेच. ढील गुंडाळा, वजन लागताच झटका.

बिनवजनी मऊ काडीसारख्या आमिषाला तर हाच मुख्य मार्ग. त्यात रॉड कितीही चांगला असो, हाताला दहापैकी निम्मेही कळत नाहीत. फिकट पिवळी ब्रेड आणि पुढे पारदर्शक लीडर लावला की नजरेला सोपं जातं.

---

ढगाळ_पहाट

बोटाबद्दल दोन शब्द, कारण साखळीतली शेवटची कडी तीच आहे आणि तिच्यावर कोणी लक्ष देत नाही.

बेटकास्टर धरताना रील तळहातात घ्या, ट्रिगर (मुठीखालचा उंचवटा) मधल्या आणि अनामिकेच्या मधे येऊ द्या, आणि लाइन रीलच्या पुढे तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीतून जाऊ द्या. चिमूट म्हणजे दाबणं नाही, नुसता स्पर्श. लाइनवर बोट असलं की टिचकी थेट बोटाला लागते. रॉड साधा असेल तेव्हा तर हा फरक फारच मोठा. स्पिनिंगवर रीलचा दांडा मधल्या बोटांत धरून तर्जनी पुढच्या उघड्या ब्लँकवर टेकवा, ढील असताना लाइनखाली.

थंडीत बोटांच्या टोकांची जाण झपाट्याने कमी होते. टोकं उघडी असलेले हातमोजे वापरा, आणि दर थोड्या वेळाने हात कोरडे करून बगलेत धरा. ओल्या, गार बोटाला ४० टनी रॉड आणि काठी सारखीच.

---

वाराविरोधी

आडवा वारा. लाइनला वाऱ्याने पोट आलं की सगळी चर्चा निष्फळ. फेक झाली की शेंडा लगेच पाण्याजवळ आणा, पोट गुंडाळून घ्या, वजन १० वरून १४ ग्रॅम करा, आणि शक्य असेल तर वाऱ्याच्या दिशेत किंवा थेट विरुद्ध फेका. बोट वाहत असेल तर ती आधी स्थिर करा. वाहत्या बोटीत लाइन आपोआप ताणली जाते आणि मासा आमिष सोडतो. जोराच्या वाऱ्यात ब्रेडपेक्षा फ्लुरोकार्बन बरी, ती पाण्याखाली जाऊन बसते.

---

दोरीताण

ड्रॉप शॉटबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथे संवेदनशीलतेचा अर्थ थोडा बदलतो. वजन खाली, आमिष त्याच्या २५ ते ४५ सेंटीमीटर वर. वजन तळाला टेकलेलं ठेवून आमिष हलवायचं असतं. म्हणजे हाताला दोन गोष्टी एकाच वेळी कळायला हव्यात: वजन अजून तळाला आहे, आणि त्याच्यावरची लाइन किती ढिली आहे. यासाठी ७ फुटाच्या आसपासचा, मीडियम लाइट (हलक्या ताकदीचा), एक्स्ट्रा फास्ट शेंड्याचा (टोकाशीच वाकणारा) रॉड. शेंडा मऊ, पण बूड ताठ. शेंडा इतका हळुवार हलवायचा की वजन जागचं हलू नये, फक्त ढील थरथरावी. वजन उचललं जात असेल तर ७ ऐवजी १० ग्रॅम लावा.

यात टिचकी लागली तरी जोरात झटका नको. १ नंबर किंवा १/० मापाची बारीक गरी, ६ पौंडी लीडर. झटक्याने लीडर तुटेल किंवा गरी वाकेल. शेंडा उचलत रील फिरवा, ताण येऊ द्या. गरी स्वतः शिरते.

उलट ३/० ते ४/० मापाच्या ऑफसेट (मानेला वाकवलेल्या) गरीच्या टेक्सस रिगला गरी आधी मऊ आमिषातून आणि मग जबड्यातून जायची असते. तिथे ढील संपवून, मिडियम हेवी किंवा हेवी रॉडने पूर्ण ताकदीचा झटका. ब्रेडवर मात्र तो अर्धा करा. न ताणणारी लाइन आणि ताठ रॉड मिळून तोंड फाटतं.

---

ब्लँककारागीर

जास्त मॉड्युलसचे रॉड मोडतात, ही तक्रार नेहमी येते. खरी आहे, पण रॉड बहुधा मासा ओढताना "अचानक" मोडत नाही. आधीच जखमी असतो. ताठ तंतूला ताण सहन होतो, घाव सहन होत नाही. टंगस्टन वजन किंवा जड जिग रॉडला बांधून बोट धावली की ते ब्लँकवर टणटण आपटतं. प्रत्येक टवका म्हणजे तुटण्याची जागा ठरली. जिगला कापडी आवरण घाला, किंवा वजन काढून ठेवा. गरी गाइडच्या रिंगेत अडकवू नका, रिंगेला चरा पडतो आणि तो चरा पुढे लाइन कापतो. हूक कीपर (मुठीजवळची गरी अडकवायची कडी) त्यासाठीच दिलेला असतो, नसेल तर गाइडच्या पायात अडकवा.

दुसरं कारण, मासा बोटीला लागल्यावर रॉड डोक्यावर उभा करणं. सगळा भार एकट्या शेंड्यावर येतो. मासा जवळ आला की रॉड ४५ अंशाच्या आसपास ठेवून बूड वापरा आणि मासा जाळीने किंवा हाताने घ्या, शेंड्याने उचलू नका.

अडकलेलं वजनही शेंड्याने हासडून सोडवायचं नसतं. रॉड वजनाच्या दिशेने ठेवा, रील आणि पहिल्या गाइडमधली लाइन दोन बोटांत पकडून धनुष्याच्या दोरीसारखी ताणा आणि सोडून द्या. वजन उलट्या दिशेला उडी मारतं आणि बहुतेक वेळा फटीतून निघतं. चार-पाच वेळा करून नाही निघालं तर बोटीने पलीकडे जाऊन तिकडून ओढा.

---

पहिलाच_गळ

शेवटचा प्रश्न: हे सगळं हाताला शिकवायचं कसं? एकच रॉड असेल तर?

---

तळठाव

एकच असेल तर ७ फुटी, मीडियम हेवी, फास्ट ॲक्शन, ३० टनांच्या आसपासचा कार्बन ब्लँक, बेटकास्टरवर १५ पौंडी फ्लुरोकार्बन. जिग, टेक्सस रिग, स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष), ब्लेडेड जिग सगळं निभतं. खोल क्रँकबेट आणि ड्रॉप शॉट तेवढं राहतं.

शिकवायला गरी नको. स्वच्छ, मीटर-दीड मीटर खोल पाणी निवडा, जिथे तळ दिसतो. १० ग्रॅमचं टंगस्टन, पुढे गरी नसलेलं मऊ आमिष, म्हणजे अडकणार नाही. वजन दिसेल अशा ठिकाणी फेका, ३० सेंटीमीटर ओढा, थांबा, आणि वजन कशावर आहे ते बघा. खडी, लाकूड, वनस्पती, गाळ, प्रत्येकावरून वीस-वीस वेळा. मग पाठ फिरवून, न बघता ओढा आणि ओळखा, वळून खात्री करा. चुकलात तर त्याच जागेवरून पुन्हा. लाकूड आणि वनस्पतीची गल्लत सर्वात शेवटी सुटते.

मग तोच सराव लाइनला जास्त झोळ देऊन करा. झोळ वाढवत न्या आणि कुठल्या झोळीला खडी कळेनाशी होते ते लक्षात ठेवा. त्या रॉडची, त्या लाइनची आणि त्या हाताची मर्यादा ती. मासे धरताना झोळ त्याच्या थोडी आत ठेवायची.

---

गाळखडी

+१. यात एक भर: सराव दोन वजनांनी करा, १० आणि १४ ग्रॅम. जड वजनाने तळ जास्त स्पष्ट वाजतो, पण आमिष उचलताना माशालाही ते तेवढंच जास्त जाणवतं आणि तो लवकर थुंकतो. तळ शोधताना १४, जागा सापडली की १० किंवा ७.